आप्पा, तिथे कोणी हसलं नव्हतं

आप्पा,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. पाचव्या दिवशी वैशालीचा फोन आला. "मोहनकाका, बाबांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढतोय. तेराव्याला येतील त्यांना देऊ. तुमची दोन पानं हवीत. रेडिओवरचे बाबा तुमच्याइतके कोणाला माहीत नाहीत."

मी हो म्हटलं आणि लिहायला बसलो. 'हास्याचा खळखळता झरा आटला' वगैरे करत दोन पानं भरलीसुद्धा. मग वाचून बघितली. तुमच्या हातात दिली असती तर तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "छान लिहिलंयस रे. कोण वारलं?"

ती पानं फाडली. दमलोय मी, आप्पा. एखादी गोष्ट न सांगता धरून ठेवायलाही अंगात बळ लागतं. पंचवीस वर्षं धरली, आता हात भरून आलेत. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, सत्कार किती झाले, ते बाकीचे लिहितील. मी एकच गोष्ट लिहिणार आहे. ती मी तुम्हाला त्याच दिवशी संध्याकाळी सांगायला बांधलेला होतो.

'चहाची सुट्टी' हा आपला कार्यक्रम. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास. कधी सातपूरच्या एखाद्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, कधी कुठल्या गावच्या आठवडे बाजारात जाऊन आपण तो रेकॉर्ड करायचो. एक लोकगीत, थोडं पेटीवादन, कामगारांची पत्रं, आणि शेवटची दहा मिनिटं तुम्ही रंगवलेले रामभाऊ. प्रसादाआधीची आरती सोसावी तशी लोक पहिली वीस मिनिटं सोसायचे. त्यांना रामभाऊ हवे असायचे. कायम रात्रपाळीला असलेले रामभाऊ, ज्यांनी आपलं घर उजेडात कधी धड पाहिलेलं नाही. "आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. त्यात आम्ही दोघं एकाच वेळी जागे असे एकंदर दीड महिना." आणि ते दुसरं, "एकदा दसऱ्याला दुपारी घरात जागा सापडलो. बायको म्हणाली, आपण कोण? ते झोपलेत, नंतर या."

रामभाऊ आणि त्यांची बायको ओट्याजवळच्या पाटीवर एकमेकांना निरोप लिहायचे. 'डाळ संपली.' खाली उत्तर, 'कुठली?' दुसऱ्या दिवशी, 'आता सगळ्याच.' ही पाटी तुमच्या घरात खरीच होती, हे ऐकणाऱ्यांना माहीत नव्हतं. मी तुमच्या घरी पहिल्यांदा आलो तेव्हा सुमनकाकूंनीच ती दाखवली. तुम्ही सातपूरच्या कारखान्यात, पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपमध्ये रात्रपाळी करत होता, त्या शिवणकामाच्या वर्गाला जायच्या. पाटीवर त्या दिवशी लिहिलेलं होतं, 'वैशालीला ताप. काळजी नाही.' काकू मला म्हणाल्या, "तुमचे आप्पा रेडिओवर जेवढं बोलतात ना, त्याच्या निम्मं जरी घरी बोलले असते तर मी खडूचा डबा आणला नसता." तुम्ही म्हणालात, "मोहन, हे लिहून घे. पुढच्या गुरुवारी होईल."

मी तेव्हा बावीस-तेवीसचा. रेडिओ केंद्रावर नवा लागलेला, रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसायचो. मुलखाचा अबोल. तुम्हाला माझ्याबद्दल तेच आवडलं होतं, असं तुम्ही नंतर सांगितलंत. "हा बोलत नाही. म्हणजे याच्याकडे ठेवलेलं राहील." राहिलं, आप्पा. नको तेवढं राहिलं.

त्याच वर्षी घोटीच्या बाजारात रेकॉर्डिंग होतं. भाताच्या पोत्यांवर माणसं बसलेली, उभी असलेली तर मोजता येणार नाहीत. लोक तुफान हसत होते आणि तुम्ही हशा विरायच्या आधीच पुढचं वाक्य टाकत होता. तीन चांगले विनोद त्या गोंगाटात गाडले गेले. मला वाटलं, घाबरलात. रेकॉर्डिंग संपल्यावर तुम्ही मला जीपच्या मागे नेलंत.

"मोहन, तुला एक सांगतो. कुठं बोलायचं नाही."

"बोला की."

"लोक हसतात ते मला ऐकू येत नाही."

मला वाटलं, हा पण रामभाऊंचाच विनोद. मी हसलो.

"बघ, तू हसलास ते आलं ऐकू. तू हातभर अंतरावर आहेस. त्याच्या पलीकडचं सगळं नुसतं गरगरतं, प्रेस चालू असल्यासारखं. माणसं हसतायत का उठून चाललीत, कळत नाही बघ."

सोळा वर्षं पॉवर प्रेसच्या शेजारी उभं राहून, कानात कापसाचे बोळे घालून, तुमचा उजवा कान पार गेला होता आणि डावा निम्मा उरला होता. त्यात रामभाऊंना चष्मा नव्हता. माईकसमोर यायच्या आधी तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवायचा, टोपी घालायचा. मग समोर दिसायचे ते नुसते शर्टांचे ठिपके. केंद्रावर कळलं असतं तर तुम्हाला बोलावणं बंद झालं असतं. ऐकू न येणारा माणूस रेडिओवर कशाला, असं कोणीही म्हणालं असतं.

मग आपण ती युक्ती काढली. मी तुमच्यापासून दोन पावलांवर यंत्र घेऊन बसायचो, कानाला हेडफोन. मांडीवर पांढरा रुमाल. हशा उठला की रुमाल उचलायचा, ओसरला की खाली. रुमाल वर असेपर्यंत तुम्ही थांबायचं, चेहरा हलवायचा, टोपी सारखी करायची. तो खाली आला की पुढचं वाक्य. लोकांना वाटायचं, रेडिओवाला घामट आहे.

आणि तुम्ही अट घातलीत. जीपच्या मागेच, त्याच दिवशी.

"ज्या दिवशी रुमाल उचलायची वेळच येणार नाही, त्या दिवशी संध्याकाळी मला सांगायचं. आप्पा, आज हसले नाहीत. एवढंच. मी टोपी खुंटीला लावीन. पण मला तिथं मूर्खासारखं उभं ठेवायचं नाही. घे शपथ."

घेतली. तुमच्यावर कोणी हसणार नाही असा दिवस येईल, हे मला खरंच वाटत नव्हतं. ज्याची वेळ येणार नाही त्याची शपथ घ्यायला काय जातं?

पुढची सात-आठ वर्षं मी आयुष्यात सगळ्यांत सुखी होतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज सांगतो. हशा कसा येतो, कुठून सुरू होतो, बायकांकडून का पुरुषांकडून, मागून का पुढून, हे मी हेडफोनमधून ऐकत गेलो आणि तुम्हाला रुमालाने कळवत गेलो. निम्मा कार्यक्रम माझ्या मांडीवर चालायचा. तुम्हाला टाळ्या पडायच्या आणि माझी छाती फुगायची. घरी येऊन आईला सांगावंसं वाटायचं, पण सांगायचं काय? मी रुमाल हलवला?

भांडायचोही आपण. मी दहा मिनिटांत बसवायला तुमचे थांबे कापायचो. टेपवर ब्लेड चालवायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची, हे माझं काम. तुम्ही गुरुवारी ट्रान्झिस्टर डाव्या कानाला लावून ऐकायचा आणि शुक्रवारी येऊन भांडायचा. "माझा हशा का कापलास? वाक्य काप. विनोद काय, कोणीही करील. तो झाल्यावर तोंड बंद ठेवून उभं राहायला कलेजा लागतो." मी म्हणायचो, वेळ पुरत नाही. तुम्ही म्हणायचा, "मग ते पेटीवादन काप. तो माणूस गेली चार वर्षं एकच भूप वाजवतोय." हे भांडण मिटलं नाही. तुमचंच बरोबर होतं.

सुमनकाकू गेल्या त्याला पंचवीस वर्षं झाली. सहा दिवस ताप होता, सातव्या दिवशी त्या गेल्या. त्या आठवड्यात तुम्ही नेमके रात्रपाळीला होता. तुम्ही तीन महिने आला नाहीत, आम्ही जुनी रेकॉर्डिंगं लावत राहिलो. मग एका सोमवारी तुम्ही केंद्रावर आलात, घडी घातलेले दोन कागद माझ्यासमोर ठेवलेत आणि म्हणालात, "नवीन लिहिलंय. सातपूरच्या आपल्याच कारखान्यात करू. माझी माणसं आहेत, सांभाळून घेतील."

मी तो मजकूर आधी वाचला नाही. वाचला असता तर कदाचित तयारीत राहिलो असतो. तुम्ही म्हणाला होता, "तिथंच ऐक," म्हणून नाही वाचला.

जेवणाची सुट्टी. कॅन्टीनमध्ये पहिल्या पाळीचे दीडशे-दोनशे लोक. ताटं बाजूला सरकवलेली. तुम्ही टोपी घातलीत, चष्मा खिशात, आणि रामभाऊ बोलायला लागले. रामभाऊंना बावीस वर्षांनी दिवसपाळी मिळाली आहे. पहिल्या दोन मिनिटांत लोक खूप हसले. फोरमनच्या पाया पडायला गेलेले रामभाऊ, उजेडात स्वतःच्या गल्लीत चुकलेले रामभाऊ. रुमाल चार-पाचदा वर गेला. मग रामभाऊ संध्याकाळी सहाला भेळेचा पुडा घेऊन घरी येतात. "अहो, मी आलो," म्हणतात. घरात दिवा नाही. ओट्याजवळ जातात. पाटीवर तिचं शेवटचं अक्षर आहे, 'दूध झाकून ठेवलंय.' रामभाऊ खडू घेतात आणि खाली लिहितात, 'मिळालं.' आणि उत्तराची वाट बघत उभे राहतात.

तुम्ही थांबलात. माझ्या मांडीकडे बघितलंत.

कॅन्टीनमध्ये पंखे फिरत होते तेवढेच ऐकू येत होते. हेडफोनमध्ये तर मला कोणाचा तरी नाकाने घेतलेला श्वास ऐकू आला. दीडशे माणसं, आणि कोणी हललं नाही. आणि मी, आप्पा, मी रुमाल उचलला.

का, ते मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तरावर माझाच विश्वास राहिला नाही. तुमची कीव आली, हे खरं. आज हसले नाहीत असं सांगितलं तर तुम्ही टोपी खुंटीला लावाल आणि त्या पाटीसमोर जाऊन बसाल, ते मला बघवलं नसतं, हेही खरं. आणि जे कोणाला सांगितलं नाही तेही खरं. तुम्ही नसाल तर मला पुन्हा स्टुडिओत बसून हवामानाचं आणि बाजारभावाचं रेकॉर्डिंग करावं लागेल, ही भीतीही त्या उचललेल्या हातात होती. मला तुम्ही हवे होता. तुमच्यापेक्षा माझ्यासाठी.

तुम्ही रुमाल पाहिलात. तुमचा चेहरा जरासा कसनुसा झाला. मग न झालेल्या हशासाठी तुम्ही थांबलात, मी मोजून चार सेकंदांनी रुमाल खाली घेतला, आणि तुम्ही शेवटचं वाक्य बोललात. "उद्यापासून परत रात्रपाळी मागून घेतो. रात्री घरात कोणी जागं नसतंच. त्याचं काही वाटत नाही." मी पुन्हा रुमाल वर केला. मग टाळ्या आल्या. उशिरा आल्या, पण आल्या.

परत येताना जीपमध्ये तुम्ही माझ्या शेजारी, डावा कान माझ्याकडे करून बसला होता.

"कसं झालं रे?"

"छान झालं."

"पाटीपाशी रुमाल वर होता."

"हो."

"तिथंसुद्धा हसले?"

मी बाहेर बघितलं. "हसले, आप्पा."

त्र्यंबक नाका आला. मग म्हणालात, "बरं. हसतात ते बरं." आणि ते दोन कागद खिशातून काढून चार तुकडे केलेत, आणि कुठे टाकावेत ते न कळल्यासारखे हातातच धरून बसलात.

एक खोटं बोललं की दुसरं करावंच लागतं. गुरुवारी तुम्ही ट्रान्झिस्टर कानाला लावून ऐकणार होता. तिथे शांतता ऐकू आली असती. घोटीच्या बाजारातला एक हशा मी स्वतःच्या हौसेने वेगळ्या स्पूलवर काढून ठेवला होता. एका म्हातारीपासून सुरू होऊन सबंध मैदानभर पसरत गेलेला. तो मी बुधवारी ब्लेडने कापला आणि 'मिळालं' या शब्दानंतर चिकटवला. जोड इतका सफाईने बसला की साहेबांनी पाठ थोपटली. जो हशा तुम्हाला खराखुरा मिळाला होता, तोच मी तुमच्या बायकोच्या मरणावर चिकटवला.

त्यानंतर तुम्ही तसं पुन्हा काही लिहिलं नाहीत. जुनेच रामभाऊ परत आणलेत, पण तुमचं मन त्यांच्यात नव्हतं. लोकांच्या घरी टीव्ही आले होते, कॅन्टीनमध्ये माणसं कमी व्हायला लागली होती. हशा खरंच कमी होत गेला. आणि मी रुमाल उचलत गेलो. पहिल्या वेळी जमलं ते दुसऱ्या वेळी सोपं जातं. दोन वर्षं, आप्पा. दोन वर्षं मी तुम्हाला नसलेल्या हशासाठी उभं ठेवलं आणि दर बुधवारी तो हशा चिकटवला.

शेवटचं रेकॉर्डिंग तुम्हाला आठवत असेल. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरच्या एका गावचा बाजार. ऊन फार होतं. रामभाऊंच्या पाचव्या मिनिटाला लोक उठायला लागले. कोणी काही ओरडलं नाही, चिडलं नाही. माणसं पिशव्या उचलून भाजी घ्यायला निघाली, इतकंच. मी रुमाल वर धरून बसलो होतो. तुम्ही नेहमीसारखे थांबला होता, टोपी सारखी करत, हशा ओसरायची वाट बघत, चेहऱ्यावर रामभाऊंचं ते ओशाळं हसू. आणि मग काय वाटलं कोण जाणे, तुम्ही खिशातून चष्मा काढलात आणि डोळ्यांवर चढवलात.

समोर तीन माणसं आणि एक सायकल होती.

तुम्ही मैदान पाहिलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. रुमाल तेव्हाही वरच होता. मला तो खाली घ्यायचंही सुचलं नाही. तुम्ही चष्मा काढला नाहीत. तसेच उभे राहून उरलेली पाच मिनिटं शब्दन् शब्द पूर्ण केलीत, त्या तिघांसाठी. थांबा एकही घेतला नाहीत.

जीपमध्ये मी वाट बघत होतो तुम्ही शिवी देण्याची. तुम्ही म्हणालात, "पुढच्या महिन्यापासून दुसरं कोणी बघा रे. मला पाळ्या जमत नाहीत." बस. कधीपासून, असं तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होतो. खोटं आहे. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतरची तेवीस वर्षं आपण चांगले मित्र होतो. लोकांना असंच दिसलं आणि ते काही खोटं नव्हतं. दर दिवाळीला मी फराळ घेऊन आलो. माझे वडील गेले तेव्हा तुम्ही आठ दिवस रोज येऊन माझ्या आईशेजारी नुसते बसून राहिलात, एक शब्द न बोलता, आणि आई म्हणाली, "एवढं बोलणारा माणूस एवढं गप्प बसतो, हे पाहूनच मला धीर आला." माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही फेटा बांधून दारात उभे होता. रामभाऊंचा विषय निघाला की तुम्ही कानाचं यंत्र काढून फुंकर मारत बसायचा. मी समजायचो. चहा घ्यायचो. निघायचो.

गेल्या महिन्यात दवाखान्यात आलो तो सांगायचं ठरवून आलो होतो. कानाचं यंत्र डबीत होतं. तुमच्या डाव्या बाजूला खुर्ची रिकामी होती. मी ती उचलून उजव्या बाजूला नेली, तिथे बसलो आणि सगळं सांगितलं. पाटी, रुमाल, घोटीचा हशा, सगळं. पंधरा मिनिटं बोललो. उजवा कान तुमचा घोटीच्याही आधी गेलेला, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं म्हणूनच तिकडे बसलो. तुम्ही मान वळवून विचारलंत, "काय म्हणालास?" मी म्हटलं, "काही नाही. चहा घेता का?" इतका भित्रा माणूस तुमच्याजवळ बसला होता, आप्पा.

काल मी वैशालीकडे गेलो. पानं द्यायला म्हणून गेलो आणि रिकाम्या हाताने बसलो. मग बोललो. या वेळी दोन्ही कान चांगले असलेल्या माणसाशी.

तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "तो हशा तुम्ही चिकटवला?"

"हो."

"आईच्या पाटीवरचा?"

"हो."

"त्या गुरुवारी मी पोळ्या लाटत होते. बाबा ट्रान्झिस्टर कानाशी धरून बसले होते. मला सगळं ऐकू आलं. आई जाऊन तीन महिने झाले होते, काका. मी बाबांना म्हटलं, आईवर हसवलंत तुम्ही लोकांना? लाज नाही वाटली? ते म्हणाले, मी नाही गं हसवलं, लोक हसले. मी म्हटलं, लोक हसणार हे माहीत असल्याशिवाय तुम्ही कधी बोललात? लग्न होऊन गेले ते पाच वर्षं माहेरी आले नाही. नंतर आले, पण..."

कुकरची शिट्टी झाली. ती आत गेली, गॅस बंद केला, बराच वेळ आतच राहिली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

"त्यांना माहीत होतं?"

"शेवटचं कळलं. पाटीचं नाही कळलं. पाटीला लोक खरंच हसले असंच त्यांना वाटत राहिलं असणार."

"म्हणजे माझे बाबा तेच धरून गेले."

मी उठलो. म्हटलं, "दुसरं काहीतरी लिहून देतो पुस्तिकेला. साधं."

"नाही. हेच लिहा."

"वैशाली, तेराव्याला दोनशे माणसं येतील. कारखान्यातले येतील, केंद्रावरचे येतील."

"मग? हशा काय चोरून वाजवलात का? सबंध जिल्ह्याला ऐकवलात. हे पण त्यांना ऐकू दे." मग दार लावताना म्हणाली, "मला तुमच्याशी आत्ता बोलायचं नाहीये, काका. पुढचं पुढे बघू. पण उद्या पानं पाठवा."

मी तिची माफी मागितली नाही. ती मागणं म्हणजे तिच्या हातात आणखी एक काम देणं झालं असतं. तुमचीही मागत नाही. तुम्ही द्याल हे मला माहीत आहे, आणि तेच मला नकोय.

फक्त त्या दिवशीचा एक निरोप तुम्हाला द्यायचा राहिलाय. तो वैशालीलाही काल सांगितला नाही. आधी तुम्हाला.

सातपूरच्या त्या कॅन्टीनमध्ये तुम्ही मॅनेजरसाहेबांबरोबर चहाला गेलात आणि मी वायरी गुंडाळत होतो. तेव्हा एक माणूस आला. पस्तिशीचा असेल, उंच, हात तेलाचे, ते चिंधीने पुसत होता. पेठ तालुक्याकडचा असावा बोलण्यावरून. तुमच्याच प्रेस शॉपमधला, तुमच्यानंतर लागलेला. नाव मी विचारलं नाही. म्हणाला, "साहेब, आप्पा कुठं हायेत?" मी म्हटलं, चहाला गेलेत, काम आहे का? तो जरा घुटमळला. मग त्याने मला निरोप सांगितला. मी म्हटलं, सांगतो. आणि नाही सांगितला, कारण तो निरोप द्यायचा तर लोक हसले नव्हते हे आधी सांगावं लागलं असतं. तुमच्या सबंध आयुष्यात तुम्हाला कोणी याच्याहून मोठं काही म्हटलं असेल असं मला वाटत नाही, आणि ते पंचवीस वर्षं माझ्यापाशी पडून राहिलं.

आप्पा, पाटीपाशी कोणी हसलं नव्हतं. एकही माणूस नाही. आणि तो म्हणाला होता,

"आप्पाला सांगा, मी अर्धी सुट्टी टाकून घरी चाललो. माझी बायको शेजारच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला जाती. तीनला निघती. ती जायच्या आत पोचतो. चार वर्सं झाली, आमची अशीच चुकामूक हाय. फोरमनला पोटदुखी सांगितली. आप्पाला मात्र खरं सांगा."